एकाच संगणकाला इतके आयपी पत्ते कशासाठी?

शंकासूर
नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर (लिनक्स आहे) फोटो बघण्यासाठी एक छोटा सर्व्हर बसवलाय. त्याच वाय-फायवर असलेल्या फोनमधून तो उघडायचा आहे. सूचनांमध्ये एवढंच म्हटलं होतं: ‘ब्राउझरमध्ये तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता टाका.’ म्हणून टर्मिनलमध्ये ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही कमांड चालवली, तर हे समोर आलं:

एलओ: १२७.०.०.१ आणि ::१
वाय-फाय: १९२.१६८.१.७
वाय-फाय: एफई८० ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता
वाय-फाय: २००१ ने सुरू होणारे दोन, पुढचा अर्धा भाग सारखा, मागचा वेगळा
डॉकर०: १७२.१७.०.१

शिवाय ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर आयपीव्ही४ म्हणून २०३.०.११३.४५ दिसतो (आकडे बदलून लिहिलेत). तो तर वरच्या यादीत कुठेच नाही!

यातला खरा पत्ता कोणता? आणि एका यंत्राला इतके पत्ते लागतातच कशाला? कोणी मुळापासून समजावून सांगेल का?

रानवारा
१९२.१६८.१.७ टाकून बघा. बाकीचे सध्या सोडून द्या.

शंकासूर
@रानवारा, टाकला होता. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. १७२.१७ वाला टाकला तर बराच वेळ नुसतं फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम आउट’.

जालकरी
@शंकासूर, तुमची यादी अगदी नेहमीसारखी आहे, काळजीचं काही नाही. अडचण ‘संगणकाचा पत्ता’ या शब्दप्रयोगात आहे. पत्ता संगणकाला मिळत नाही, त्याच्या जोडणीला मिळतो. जोडणी म्हणजे इंटरफेस: वाय-फायचं कार्ड, केबलचा पोर्ट, व्हीपीएनचा बोगदा, डॉकरने (प्रोग्राम वेगवेगळ्या आभासी डब्यांत चालवणारं साधन) तयार केलेलं आभासी जाळं.

कोपऱ्यावरच्या घराला दोन रस्त्यांवर दोन दारं असतील, तर पहिल्या रस्त्यावर त्याचा क्रमांक ७ असेल आणि दुसऱ्यावर २३. घर एकच. पण दुसऱ्या रस्त्यावर उभं राहून ७ नंबर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही.

आता कारण. आयपी पत्त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग ‘कोणतं जाळं’ हे सांगतो, मागचा ‘त्या जाळ्यातला कोण’ हे. तुमच्या यादीत पत्त्यांच्या मागे तिरपी रेघ आणि आकडा असेल, बहुधा १९२.१६८.१.७/२४. म्हणजे ३२ पैकी पहिले २४ बिट जाळ्याचे. वाटेतले राउटर पुढचा भाग बघूनच पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) पुढे ढकलतात. जगातलं प्रत्येक यंत्र कुठे आहे हे त्यांना माहीत नसतं आणि असायची गरजही नसते, म्हणून तर इंटरनेट एवढं वाढू शकलं. त्याची किंमत अशी की पत्त्यातच जागा बांधली गेली. एक यंत्र दोन जाळ्यांत असेल तर एका पत्त्यावर भागत नाही, कारण त्या पत्त्याचा पुढचा भाग दोन्ही जाळ्यांचा असू शकत नाही.

तेव्हा ‘खरा कोणता’ असं विचारण्याऐवजी ‘कोणाला माझ्यापर्यंत यायचंय आणि ते कुठल्या जाळ्यात आहेत’ हे विचारा. फोन वाय-फायवर आहे, म्हणून १९२.१६८.१.७. रानवारा यांनी बरोबरच सांगितलंय. तरी ‘रिफ्यूज्ड’ का येतं त्याकडे नंतर येऊ, ती वेगळी गाठ आहे.

मृगजळ
वाचतेय. हे कधीच नीट कळलं नव्हतं, धाग्याबद्दल आभार.

अवलोकिता
जालकरी यांच्या प्रतिसादाला पुढे जोडते, यादीतला एकेक पत्ता घेऊन.

१२७.०.०.१ म्हणजे लूपबॅक. यंत्राने स्वतःशीच बोलायचा पत्ता. त्यासाठी कार्ड लागत नाही, केबल लागत नाही, विमानात सगळं बंद असतानाही तो चालतो. आयपीव्ही४ (आयपीची जुनी, ३२ बिटांच्या पत्त्यांची आवृत्ती) मध्ये १२७ ने सुरू होणारा अख्खा गट यासाठी राखून ठेवलाय, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते! आयपीव्ही६ (नवी, १२८ बिटांची आवृत्ती) मध्ये मात्र एकच, तो ::१.

एफई८० वाला लिंक-लोकल. तो त्या एका दुव्यापुरता, राउटर त्याला ओलांडू देत नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक इंटरफेसला तो असावाच लागतो, कारण शेजारी कोण आहे, राउटर कोण आहे, ही पहिली विचारपूस याच पत्त्यावरून होते. म्हणजे जगभर चालणारा पत्ता मिळण्याआधी, तो मागण्यापुरता एक पत्ता हवा, तो हा. तुमच्या आयपीव्ही६ च्या राउटिंग टेबलात (कुठे जायला कोणती वाट, याची यादी) बघा, डीफॉल्ट गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) बहुधा एफई८० नेच सुरू होत असेल.

२००१ चे दोन जगभर चालणारे. एक स्थिर, एक तात्पुरता. तात्पुरत्यापुढे ‘टेम्पररी’ असं लिहिलेलं असेल. या दोघांवर स्वतंत्र प्रतिसाद लागेल.

१७२.१७.०.१ डॉकरचा. तुमच्या लॅपटॉपच्या आत डॉकरने एक आभासी जाळं केलंय आणि त्या जाळ्यातलं तुमच्या लॅपटॉपचं स्थान हे. फोनला त्या जाळ्याचा पत्ताच नाही. फोन ते पॅकेट राउटरकडे देतो, राउटरलाही रस्ता माहीत नाही, उत्तर येत नाही, म्हणून टाइम आउट.

आणि २०३ वाला तुमच्या लॅपटॉपचा नाहीच, म्हणून यादीत नाही. तो राउटरच्या बाहेरच्या बाजूचा. राउटर बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा १९२.१६८.१.७ पुसून तिथे स्वतःचा पत्ता घालतो, उत्तर आलं की उलट करतो. यालाच नॅट म्हणतात. कित्येकदा राउटरच्या बाहेरच्या बाजूलाही १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो (१००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला). तसं असेल तर पुरवठादाराकडे आणखी एक नॅट आहे. २०१२ साली तो पट्टा खास त्यासाठी राखून ठेवला गेला.

अवांतर: शंकासूर, तुम्ही आकडे बदलताना २०३.०.११३ निवडलात हे छान केलंत. हा गट फक्त उदाहरणं लिहिण्यासाठीच राखीव आहे, कोणाच्याही यंत्राला तो मिळत नाही.

बिनतारी
सगळं वाचलं. पण माझं मत थोडं वेगळं आहे. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडले, त्यावर नॅटचं ठिगळ, मग खासगी पत्त्यांचं, मग आयपीव्ही६ चं. एवढे पत्ते दिसतात ते या ठिगळांमुळे. सुरुवातीपासून पुरेसे पत्ते असते तर प्रत्येक यंत्राला एकच पत्ता पुरला असता. ३२ बिटांचे मिळून जेमतेम ४२९ कोटी, त्यातही मोठे गट राखीव. ३ फेब्रुवारी २०११ ला तर मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गटही वाटून संपले.

जालकरी
@बिनतारी, तुटवड्याचा इतिहास तुम्ही म्हणता तसाच. खासगी पत्ते आणि नॅट त्यातूनच आले यात वाद नाही. पण अनेक पत्त्यांची मुभा त्याच्या कितीतरी आधीची आहे. आयपीव्ही४ चं मूळ मानक, आरएफसी ७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज), सप्टेंबर १९८१ चं. त्यात स्पष्ट आहे की एका प्रत्यक्ष यंत्राला अनेक वेगळ्या यंत्रांसारखं वागता आलं पाहिजे, त्याला अनेक इंटरफेस असू शकतात आणि प्रत्येक इंटरफेसला अनेक पत्ते असू शकतात. तेव्हा तुटवडा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

उलट आयपीव्ही६ कडे बघा. तिथे १२८ बिट, पत्त्यांचा सुकाळ. तरीही तिथे पत्ते कमी झाले नाहीत, वाढलेच. तुटवडा हे कारण असतं तर उलटं दिसायला हवं होतं.

बिनतारी
१९८१ ची तरतूद मान्य. पण एकाच कार्डावर दोन-दोन, चार-चार पत्ते लावायची गरज प्रत्यक्षात कुणाला पडत होती? तरतूद असणं वेगळं, वापर वेगळा.

खडीसाखर
@बिनतारी, वेबवाल्यांना पडत होती, आणि भरपूर. एचटीटीपीच्या (ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात ती भाषा) १.० आवृत्तीत ब्राउझर सर्व्हरला फक्त पानाचा मार्ग सांगायचा, ‘कोणत्या संकेतस्थळाचं पान’ हे सांगायची सक्ती नव्हती. त्यामुळे एका सर्व्हरवर पन्नास संकेतस्थळं ठेवायची तर एकाच कार्डावर पन्नास पत्ते लावायचे आणि विनंती कोणत्या पत्त्यावर आली त्यावरून संकेतस्थळ ओळखायचं. जानेवारी १९९७ मध्ये १.१ चं मानक आलं, त्यात ‘होस्ट’ हे शीर्षक सक्तीचं झालं आणि साध्या संकेतस्थळांपुरता प्रश्न सुटला.

पण एचटीटीपीएसचं (त्याच भाषेची सुरक्षित आवृत्ती) दुखणं राहिलं. तिथे प्रमाणपत्र आधी दाखवावं लागतं आणि होस्टचं नाव नंतर कळतं. मग कोणतं प्रमाणपत्र दाखवणार? त्यावरचा उपाय, जोडणीच्या पहिल्याच निरोपात नाव सांगण्याचा, २००३ साली मानकात आला. तरी विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला तो शेवटपर्यंत कळला नाही. त्यामुळे एक्सपीचे वापरकर्ते हातचे जाऊ द्यायचे नसतील तर प्रत्येक एचटीटीपीएस संकेतस्थळामागे एक पत्ता खर्च करावा लागे. मी होस्टिंगचं काम करायचे तेव्हा एका यंत्रावर पत्त्यांची ही लांबच लांब रांग असायची. तेव्हा तुटवड्यामुळे पत्ते वाढले नाहीत, जास्तीच्या पत्त्यांमुळे तुटवड्यात भर पडली, असंच म्हणावं लागेल.

मृगजळ
@खडीसाखर, हा इतिहास फारच रंजक. यावर एक स्वतंत्र लेख लिहाच.

रानवारा
सर्व्हरवाल्यांचं आणखी एक कारण. दोन यंत्रं आणि तिसरा एक ‘फिरता’ पत्ता. दोघांना आपापला पत्ता आहेच, पण लोकांना सांगितलेला पत्ता तिसरा. तो चालू यंत्रावर असतो. ते यंत्र पडलं की दुसरं तो पत्ता उचलतं आणि ‘आता हा माझ्याकडे’ असं एआरपीने (कोणता पत्ता कोणत्या कार्डाकडे, हे जाळ्यात विचारायची-सांगायची पद्धत) जाळ्यात ओरडून सांगतं. वापरणाऱ्याला पत्ता बदलावा लागत नाही. व्हीआरआरपी हा याचा प्रमाणित प्रकार, १९९८ पासूनचा. यंत्राची ओळख आणि सेवेची ओळख वेगळी ठेवायची तर एका यंत्रावर दोन पत्ते येणारच.

सुतारपक्षी
@जालकरी, तुमच्या पहिल्या प्रतिसादातल्या ‘पत्ता जोडणीला मिळतो’ या विधानाला माझा आक्षेप आहे. निदान लिनक्सपुरता.

लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) पत्ता इंटरफेसवर नोंदवतो हे खरं, पण वागतो असा की जणू तो अख्ख्या यंत्राचा आहे. फोनला १७२.१७.०.१ कडे जाण्याचा रस्ता लॅपटॉपच्या १९२.१६८.१.७ वरून आहे असं कोणी शिकवलं, तर वाय-फायवरून आलेलं ते पॅकेट लॅपटॉप मुकाट स्वीकारेल, पत्ता डॉकरच्या इंटरफेसवर असला तरी. याहून गमतीचं म्हणजे, एकाच जाळ्यात दोन कार्डं जोडली तर एका कार्डाच्या पत्त्याबद्दलच्या एआरपी चौकशीला दुसरं कार्डही उत्तर देऊन मोकळं होतं. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलंय त्यांना विचारा, डोकं चक्रावतं.

याला ‘वीक होस्ट’ पद्धत म्हणतात. ‘स्ट्राँग होस्ट’ पद्धतीत ज्या इंटरफेसचा पत्ता, त्याच इंटरफेसवर आलेलं पॅकेट घेतलं जातं. आरएफसी ११२२ ने, ऑक्टोबर १९८९ मध्ये, दोन्ही मतं मांडून ठेवली आणि निवड करणाऱ्यावर सोडली. विंडोज व्हिस्टापासून स्ट्राँग, लिनक्स वीक. म्हणजे पत्ता यंत्राचा की जोडणीचा, यावर खुद्द मानक लिहिणाऱ्यांचंही एकमत नव्हतं!

जालकरी
@सुतारपक्षी, उत्तम मुद्दा, आणि तो इथे यायलाच हवा होता. मी बोलत होतो ते बाहेरून बघणाऱ्याच्या, म्हणजे राउटरच्या नजरेतून. राउटरसाठी पत्ता हे जोडणीचं ठिकाणच. पॅकेट दारात आल्यावर आतल्याने ते घ्यायचं की नाही हा तुम्ही सांगता तो भाग, आणि तिथे प्रत्येक प्रणालीचं धोरण वेगळं.

कासवगती
म्हणजे माझ्याच लॅपटॉपवरच्या दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलताना १९२.१६८ वाला पत्ता वापरला, तर पॅकेट राउटरपर्यंत जाऊन परत येणार? काखेत कळसा अन् गावाला वळसा?

सुतारपक्षी
@कासवगती, कळसा काखेतच राहतो, वळसा पडत नाही :) कर्नल आधी बघतो की हा पत्ता आपलाच आहे का. असेल तर पॅकेट कार्डापर्यंत जातच नाही, आतल्या आत वळतं. त्यामुळे वेगात फरक पडत नाही. फरक पडतो तो कोणाला आत येऊ द्यायचं यात, पण ते जालकरींच्या ‘वेगळ्या गाठी’साठी ठेवतो.

अवलोकिता
पत्ते अनेक असण्याचा खरा त्रास कुठे होतो ते सांगते. येणारं पॅकेट सोपं असतं, त्यावर पत्ता लिहूनच येतो. जाणाऱ्या पॅकेटवर ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचा कोणता पत्ता घालायचा, हे ठरवावं लागतं.

आमच्याकडे एका सर्व्हरला दोन कार्डं होती, दोन वेगळ्या जाळ्यांत. बसवणाऱ्याने दोन्हीकडे डीफॉल्ट गेटवे भरून ठेवला होता. दुसऱ्या जाळ्याच्या पत्त्यावर बाहेरून विनंती आली की सर्व्हर उत्तर तयार करायचा, प्रेषक म्हणून दुसऱ्या जाळ्याचाच पत्ता घालायचा, आणि पॅकेट पाठवायचा पहिल्या गेटवेतून. कारण राउटिंग टेबल फक्त ‘कुठे जायचंय’ ते बघतं, ‘कुठून आलंय’ ते नाही. पहिल्या वाटेवरच्या फायरवॉलने विनंती पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तिला ते उत्तर बेवारस वाटायचं आणि ती ते टाकून द्यायची. सर्व्हर चालू, कार्डं चालू, दिवे लुकलुकताहेत, पिंग एका बाजूने लागतो, दुसऱ्या बाजूने नाही. सगळे जण केबल बदलत बसले होते.

उपाय: डीफॉल्ट गेटवे एकच ठेवायचा. दोन्ही लागतच असतील तर प्रेषकाच्या पत्त्यावरून वाट ठरवायची. लिनक्समध्ये ‘आयपी रूल’ने प्रत्येक पत्त्याला वेगळं राउटिंग टेबल देता येतं. हे धाग्याच्या मूळ प्रश्नाला सोडून वाटेल, पण दोन पत्ते लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं.

कासवगती
आणि एकाच कार्डावर तीन आयपीव्ही६ पत्ते असतील तर प्रेषक कोण, हे कसं ठरतं?

अवलोकिता
@कासवगती, त्याचेही नियम आहेत, आरएफसी ६७२४, २०१२ चं. समोरचा पत्ता ज्या आवाक्यातला, त्याच आवाक्यातला आपला निवडायचा (लिंक-लोकलशी लिंक-लोकलनेच बोलायचं). मुदत सरत आलेला टाळायचा. तात्पुरता असेल तर त्याला पसंती. आणि शेवटी, ज्याची सुरुवात समोरच्याशी जास्तीत जास्त जुळते तो. यंत्र हे सगळं न विचारता करतं, म्हणून तुम्हाला कधी जाणवत नाही.

समोरच्यालाही अनेक पत्ते असतात हे विसरू नका. ब्राउझर आयपीव्ही६ वरून प्रयत्न सुरू करतो, पाव सेकंदाच्या आसपास वाट बघतो, उत्तर नाही आलं तर तो प्रयत्न चालू ठेवूनच आयपीव्ही४ वरूनही सुरू करतो, आणि जो आधी लागेल तो धरतो.

शंकासूर
एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. ते २००१ वाले दोन जुळे राहिले!

खडीसाखर
@शंकासूर, सांगते. आयपीव्ही६ मध्ये राउटर फक्त पत्त्याचा पुढचा अर्धा भाग, ६४ बिट, जाहीर करतो. मागचा अर्धा यंत्र स्वतः बनवतं. सुरुवातीच्या पद्धतीत तो कार्डाच्या मॅक पत्त्यावरूनच (कारखान्यातून कार्डाला मिळालेला क्रमांक) बनायचा: मधोमध एफएफएफई घालायचं, एक बिट उलटवायचा, झालं. पण मॅक पत्ता बदलत नाही. म्हणजे तुम्ही घरून, वाचनालयातून, विमानतळावरून, कुठूनही जोडा, पत्त्याचा मागचा अर्धा तोच. कोणत्याही संकेतस्थळाला ‘हा तोच लॅपटॉप’ हे कुकीशिवाय ओळखता यायचं.

म्हणून तात्पुरते पत्ते आले, पहिल्यांदा २००१ सालच्या मानकात, मग २००७ आणि २०२१ साली सुधारून. मागचा अर्धा यादृच्छिक, आणि ठरावीक काळाने नवा. मानकात सुचवल्याप्रमाणे एक दिवस तो नव्या जोडण्यांसाठी वापरायचा. जुना लगेच फेकत नाहीत, कारण त्यावर एखादं मोठं डाउनलोड किंवा एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दूरून काम करायची जोडणी) चालू असू शकतं. पत्त्याची एकूण मुदत आधी सात दिवसांची होती, २०२१ च्या मानकाने ती दोन दिवसांवर आणली. म्हणून लॅपटॉप बरेच दिवस चालू ठेवलात तर यादीत ‘डेप्रिकेटेड’ लिहिलेले जुने पत्तेही दिसतील.

स्थिर पत्ता असतो तो तुमच्यापर्यंत कोणाला यायचं असेल त्यासाठी, तात्पुरता तुम्ही बाहेर जाण्यासाठी. दोन कामं, म्हणून दोन पत्ते. मला ही मांडणी फार आवडते. माणसाचा माग काढणं अवघड करणारी गोष्ट थेट पत्त्याच्या रचनेत आणली, हे मोठं काम आहे.

बिनतारी
इथे मात्र मी ठाम विरोधात. मोठ्या संस्थेचं जाळं सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघा. एखाद्या यंत्रातून काही गैरप्रकार झाला, नोंदीत पत्ता सापडला, आणि तो पत्ता आता कोणाकडेच नाही. तीन दिवसांपूर्वी कोणाकडे होता हे शोधायला राउटरची शेजाऱ्यांची यादी सतत साठवत बसावं लागतं. स्विचची टेबलंसुद्धा भरतात. एका यंत्राला एकच पत्ता द्यावा, तोही डीएचसीपीने (जाळ्याकडूनच पत्ते वाटायची पद्धत), आणि नोंद ठेवावी. तुम्ही फक्त वापरणाऱ्याच्या बाजूने बोलताय.

खडीसाखर
@बिनतारी, त्रास खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण एकच पत्ता द्यायचं ठरवलंत तर लोक काय करतील? लॅपटॉपवर आभासी यंत्र चालवायचंय, डॉकर चालवायचंय, फोनवरून दुसऱ्या यंत्राला इंटरनेट द्यायचंय, या सगळ्यांना पत्ते लागतात. नाही मिळाले की पुन्हा नॅट. म्हणजे आयपीव्ही६ मध्ये येऊनही आपण नॅटपाशीच. नेमक्या याच कारणाने २०१६ च्या आरएफसी ७९३४ मध्ये शिफारस आहे की जाळ्याने यंत्राला अनेक पत्ते घेऊ द्यावेत. नोंद ठेवायची तर पत्त्याची कशाला, जोडणाऱ्या माणसाच्या लॉगिनची ठेवा, वाय-फायवर ते सहज होतं.

बिनतारी
लॉगिनची नोंद वायरलेसवर ठीक, केबलच्या पोर्टवर सगळीकडे ती सोय नसते. माझं मत कायम.

पहाटवारा
मॅक पत्त्याचा विषय निघालाच आहे तर: आता तोही एक राहिलेला नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा यादृच्छिक मॅक दाखवतात. ओळखायची खूण सोपी. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नाही, यंत्राने स्वतः बनवलेला. राउटरमध्ये मॅकची यादी करून प्रवेश देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर फोन अचानक ‘अनोळखी’ होतो.

जालकरी
बिनतारी आणि खडीसाखर यांचा वाद इथे मिटणार नाही, पण दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आयपी पत्त्यावर आपण दोन ओझी टाकलीत: ‘कुठे आहे’ आणि ‘कोण आहे’. राउटरला फक्त पहिलं हवं असतं. नोंदी ठेवणाऱ्याला दुसरं हवं असतं. एमआयटीच्या जेरोम सॉल्ट्झर यांनी १९८२ मध्येच सेवा, यंत्र, जोडणीचं ठिकाण आणि तिथवरचा मार्ग या चार गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात असं लिहून ठेवलं होतं. १९९३ मध्ये तो निबंध आरएफसी १४९८ म्हणून पुन्हा छापला गेला. आपल्या आयपीमध्ये जोडणीच्या ठिकाणाला नाव आहे. सेवेला डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) नाव आहे. यंत्राला स्वतःचं असं नाव नाहीच, ही त्यातली उणीव.

तिचा चटका कसा बसतो? टीसीपीची (माहिती खात्रीने पोचवणारा प्रोटोकॉल) जोडणी दोन्हीकडच्या पत्त्यांना आणि पोर्टना (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या प्रोग्रामांचे क्रमांक) जखडलेली असते. वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर गेलात की पत्ता बदलला, जोडणी तुटली. यंत्राला दोन्ही पत्ते असूनही! म्हणून वरच्या थरात वेगवेगळे उपाय आले. एससीटीपी या टीसीपीसारख्याच दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये एका जोडणीला अनेक पत्ते देता येतात. मल्टिपाथ टीसीपीचं मानक जानेवारी २०१३ चं, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी ते वापरलं. आणि क्विक, मे २०२१ चं मानक, जोडणीला पत्त्याऐवजी स्वतःचा क्रमांक देतं, त्यामुळे पत्ता बदलला तरी जोडणी टिकू शकते. मला वाटतं पुढची दिशा हीच. पत्ते येतील-जातील, कितीही असतील, कोणी त्यांच्यावर ओळख टांगू नये.

रानवारा
+१. पण शंकासूर यांचे फोटो अजून फोनवर उघडलेले नाहीत!

सुतारपक्षी
हो, ती गाठ सोडवू. ‘टाइम आउट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ यांत मोठा फरक आहे. टाइम आउट म्हणजे पॅकेट पोचलं नाही किंवा वाटेत कोणी गिळलं. रिफ्यूज्ड म्हणजे समोरून रोखठोक उत्तर आलं: ‘या पोर्टवर कोणी ऐकत नाही.’ पत्ता बरोबर, यंत्र बरोबर, पण सर्व्हर त्या पत्त्यावर बसलेलाच नाही. सर्व्हर सुरू होताना सांगतो, ‘मी अमुक पत्त्यावर अमुक पोर्टवर ऐकणार.’ तिथे १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच यंत्रातून आलेल्यांना दार उघडं. विकासकांसाठीचे बरेच छोटे सर्व्हर सुरक्षिततेसाठी मुद्दाम असेच येतात.

@शंकासूर, ‘एसएस -टीएलएन’ ही कमांड चालवा (अर्थात रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं) आणि तुमच्या पोर्टच्या डावीकडे कोणता पत्ता दिसतो ते इथे टाका.

शंकासूर
१२७.०.०.१:८०८० दिसतंय.

सुतारपक्षी
सापडलं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘होस्ट’ किंवा ‘बाइंड’ असं काही असेल, तिथे १९२.१६८.१.७ घाला. मग तो फक्त वाय-फायच्या त्या पत्त्यावर ऐकेल. ०.०.०.० घातलंत तर यंत्राच्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवर ऐकेल, डॉकरच्या जाळ्यावरही आणि उद्या व्हीपीएन लावलंत तर त्यावरही.

पहाटवारा
१९२.१६८.१.७ घालणार असाल तर राउटरमध्ये तो पत्ता त्या लॅपटॉपसाठी राखून ठेवा. नाहीतर राउटर उद्या ९ देईल आणि सर्व्हर सुरूच व्हायचा नाही, कारण ७ हा पत्ता यंत्रावर नसेल.

शंकासूर
उघडलं! फोनवर सगळे फोटो दिसताहेत. सध्या ०.०.०.० ठेवलंय, पत्ता राखून ठेवला की बदलतो. सगळ्यांचे मनापासून आभार. आता ‘एसएस’च्या यादीत ०.०.०.०:८०८० दिसतंय आणि माझ्या दृष्टीने ते सात पत्ते पहिल्यांदा वेगवेगळे झाले.

एक शेवटचं: आयपीव्ही६ वरून, म्हणजे २००१ वाल्या पत्त्यावरून मात्र उघडत नाही. तेही हवं असेल तर?

सुतारपक्षी
०.०.०.० मध्ये आयपीव्ही६ येत नाही. त्यासाठी दोन विसर्गचिन्हं, ‘::’. लिनक्सवर एरवी ‘::’ म्हटलं की आयपीव्ही४ ही त्यातच येतं. विंडोजवर ते प्रोग्रामने वेगळं मागावं लागतं.

पण थांबा. २००१ वाला पत्ता जगभर चालणारा आहे, तिथे मध्ये नॅट नाही. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे याची खात्री केल्याशिवाय ‘::’ लावू नका, आणि सर्व्हरला पासवर्ड नसेल तर लावूच नका.

शंकासूर
पासवर्ड नाहीये. मग १९२.१६८ वरच थांबतो.

अवलोकिता
योग्य. आणि हाच लॅपटॉप बाहेरच्या सार्वजनिक वाय-फायवर नेणार असाल तर निघण्याआधी ०.०.०.० बदलाच. तिथेही तुम्हाला एक पत्ता मिळणार, आणि सर्व्हर त्यावरही ऐकत बसणार.